वाचकांचे प्रश्न : बाळ सांभाळणाऱ्या ताई, त्यांचे काम आणि त्यांची वागणूक

घरी येऊन बाळ सांभाळणाऱ्या ताईंविषयी गेल्या दोन महिन्यांत आलेल्या पत्रांपैकी पाच पत्रे या वेळी उत्तरासाठी घेतली आहेत. तीन पत्रे कुटुंबांची आहेत आणि दोन ताईंची स्वतःची. ताईंनी लिहिले याचा मला विशेष आनंद आहे, कारण या कामाची चर्चा होते तेव्हा त्यांनाच कोणी विचारत नाही. पत्रलेखकांच्या विनंतीवरून नावे दिलेली नाहीत आणि पत्रे थोडक्यात छापली आहेत. मी २२ वर्षे पाळणाघर चालवले आणि त्यानंतर ताईंच्या प्रशिक्षणवर्गांत शिकवले, त्या अनुभवावरून ही उत्तरे देत आहे. औषधोपचाराच्या बाबतीत मात्र शेवटचा शब्द तुमच्या बालरोगतज्ज्ञांचा मानावा.

प्रश्न : माझी २६ आठवड्यांची प्रसूती रजा पुढच्या महिन्यात संपते. कार्यालयात पाळणाघराची सोय आहे, पण बाणेरहून हडपसरपर्यंत बाळाला रोज नेणे झेपणार नाही. म्हणून ब्युरोमार्फत सकाळी ८ ते संध्याकाळी ८ अशा १२ तासांच्या ड्युटीसाठी एक ताई ठरवत आहोत. ‘बाळाचे सगळे करतील’ एवढेच ब्युरोने सांगितले आहे. त्यांच्याकडून नेमके काय अपेक्षित धरावे?
— एक आई, बाणेर, पुणे

उत्तर : ‘बाळाचे सगळे’ या दोन शब्दांतूनच पुढची बहुतेक भांडणे निघतात, म्हणून ताई कामावर येण्याआधीच ‘सगळे’ म्हणजे काय ते घरात बसून ठरवा आणि त्यांच्यासमोर मोठ्याने वाचून दाखवा. बाळाचे दूध आणि जेवण, आंघोळ, लंगोट किंवा डायपर बदलणे, झोपवणे, खेळवणे, संध्याकाळी खाली फिरवून आणणे, बाळाचे कपडे धुऊन घडी करणे, बाळाची वाटी-चमचे उकळून ठेवणे आणि खेळणी पुसणे ही कामे ताईंची. घरातली इतर भांडी, केर-फरशी, पोळ्या, आल्यागेल्याचा चहा ही कामे त्यांची नव्हेत. बाळ झोपल्यावर त्या मोकळ्याच असतात, मग एवढेसे केले तर काय बिघडते, असे अनेक घरांत म्हटले जाते. बिघडते ते असे, की एकदा हाताला दुसरे काम लागले की बाळ जागे झाल्यावरही ते काम अर्धे टाकून उठायला बाई कचरते, आणि ओट्यावर कुकर व खाली रांगते मूल अशी वेळ येते. बाळ जागे असताना ताईंच्या हाताला दुसरे काम नसावे आणि बाळ झोपलेले असताना त्यांना शांतपणे जेवता यावे, पाठ टेकता यावी, ही चैन नव्हे. १२ तास नजर ताजी राहण्याची ती अट आहे. ताई स्वच्छतागृहात गेल्यावर बाळ कुठे असेल, हेही पहिल्या दिवशीच ठरवा. कठड्याचा पाळणा हे त्याचे सोपे उत्तर आहे. पलंगाच्या मधोमध उशा लावून ठेवणे हे उत्तर नव्हे.

तुम्ही काढून ठेवलेले दूध कसे वापरायचे, हे तोंडी न सांगता करून दाखवा. ताजे काढलेले दूध खोलीत ४ तासांपर्यंत आणि फ्रीजच्या आतल्या बाजूला, दारात नव्हे, ४ दिवसांपर्यंत चालते. ते गॅसवर तापवू नये. गरम पाण्याच्या पातेल्यात वाटी ठेवून कोमट करावे आणि बाळाने उष्टे केलेले उरले तर २ तासांनंतर टाकून द्यावे. आईचे दूध ओतून द्यायला ताईंचा जीव होत नाही, हे मी अनेकदा पाहिले आहे, म्हणून ‘उरलेले टाकायचे आहे आणि त्याबद्दल मी रागावणार नाही’ असे स्पष्ट सांगा. आंघोळीच्या बादलीत आधी गार पाणी आणि मग गरम, पाण्यात कोपर बुडवून पाहणे, आणि दाराची बेल वाजली तरी बाळाला पाण्याजवळ क्षणभरही न सोडणे, एवढे तीन नियम पक्के असू द्या. बादलीच्या तळाशी राहिलेल्या थोड्या पाण्यातही मूल बुडू शकते. आणखी एक गोष्ट प्रशिक्षणवर्गात मी सगळ्यांत आधी तपासते. आपल्याकडे बायका बांगड्यांत किंवा मंगळसूत्रात सेफ्टी पिना अडकवून ठेवतात. कामावर येताच त्या पिना काढून पर्समध्ये गेल्या पाहिजेत, काचेच्या बांगड्या उतरल्या पाहिजेत आणि नखे कापलेली असली पाहिजेत.

औषध मात्र ताईंनी स्वतःच्या मनाने देऊ नये, आणि तुम्हीही घाईघाईत फोनवर ‘तापाचे थोडे द्या’ असे सांगू नये. पॅरासिटामॉलच्या थेंबांच्या बाटलीत १ मिलीलीटरमध्ये १०० मिलीग्रॅम औषध असते, तर लहान मुलांच्या नेहमीच्या सिरपमध्ये ५ मिलीलीटरला सुमारे १२० मिलीग्रॅम; म्हणजे थेंब साधारण चौपट तीव्र असतात. दोन्ही बाटल्या एकाच कप्प्यात शेजारी उभ्या असतात आणि एकीचा ड्रॉपर दुसरीच्या खोक्यात पडलेला असतो. डॉक्टरांनी बाळाच्या वजनावरून लिहून दिलेले माप एका कागदावर उतरवून तो कागद त्याच बाटलीला रबरबँडने बांधावा, दुसरी बाटली तिथून हलवावी आणि देण्यापूर्वी ताईंनी बाटलीवरचे नाव तुम्हाला फोनवर वाचून दाखवावे.

राहिली वही. साधी दोनशे पानी वही घ्या आणि तीत वेळेसह नोंद ठेवायला सांगा : ‘११.२० – मुगाची खिचडी ५ चमचे, शेवटचा थुंकला. १२.०५ ते १.१५ झोप, एकदा दचकून रडला. २.०० – शी पातळ, हिरवट.’ ज्या ताईंना लिहिता येत नाही त्यांनी फोनवर बोलून ठेवले तरी चालते. सकाळी येताना आणि संध्याकाळी निघताना १५ मिनिटे दोघींची समोरासमोर असावीत, आणि ती १५ मिनिटे ड्युटीच्या वेळेतच धरावीत. पहिला आठवडा तुम्ही घरात असतानाच त्यांना सुरू करू द्या. ओळखपत्र, पोलीस पडताळणी आणि आधीच्या एखाद्या घराशी बोलणे या गोष्टी ब्युरोवर न सोडता स्वतः करा.

प्रश्न : मी पाच वर्षे हे काम करते. गेल्या महिन्यात मी धुतलेले डायपर गॅलरीतून आणायला गेले तेवढ्यात ९ महिन्यांची बाळी पलंगावरून खाली पडली. रडली, पण लगेच थांबली आणि खेळू लागली. कपाळावर बारीकसे टेंगूळ आले. मॅडमना फोन करावा असे वाटले, पण हात थरथरत होते आणि हे काम गेले तर मुलाची फी कशी भरू, हेच डोक्यात होते. संध्याकाळी त्या आल्यावर सांगितले. त्या खूप रागावल्या, ‘दिवसभर लपवलेत’ म्हणाल्या. काम राहिले, पण आता त्या माझ्याशी धड बोलत नाहीत. माझे काय चुकले?
— एक ताई, कळवा

उत्तर : ताई, तुमच्या पत्रात दोन चुका आहेत आणि त्या वेगळ्या ठेवल्या पाहिजेत. बाळीला पलंगावर ठेवून गॅलरीत जाणे ही पहिली. जे मूल काल कुशीवर वळत होते ते आज कडेला पोहोचते, म्हणून वळू लागलेल्या मुलाला उचलून खाली सतरंजीवर ठेवूनच खोलीबाहेर जायचे. ही चूक आईच्या हातून होते, आजीच्या हातून होते, माझ्याही हातून झाली आहे. संध्याकाळपर्यंत थांबणे ही दुसरी, आणि मॅडम रागावल्या त्या बहुधा हिच्यामुळे.

डोक्याला मार लागल्यावर पुढचे काही तास बाळाकडे कोणत्या नजरेने पाहायचे, हे आईवडिलांनी आणि डॉक्टरांनी ठरवायचे असते. तुमच्या गप्प राहण्याने त्यांचे ते तास गेले. बाळ पडले तर आधी त्याला जवळ घ्या, रक्त आहे का पाहा, लागलेल्या जागी ओल्या फडक्याने गार शेक द्या आणि लगेच, बाळ शांत झाले असले तरी, फोन करा. वर्षाच्या आतले मूल डोक्यावर पडले तर ते बरे दिसत असतानाही डॉक्टरांना विचारावेच. पुन्हा पुन्हा उलटी, नेहमीच्या वेळेबाहेरची गुंगी किंवा उठवूनही न उठणे, झटका, नाकातून किंवा कानातून पाणी वा रक्त, थांबता न थांबणारे रडणे, यांपैकी काहीही दिसले तर फोनची वाट न पाहता १०८ ला फोन करून रुग्णवाहिका मागवा आणि मग घरच्यांना कळवा. फोनवर बोलताना तीनच वाक्ये पुरतात : केव्हा आणि कुठून पडली, कुठे लागले आहे, आत्ता ती काय करते आहे. माफी नंतर मागता येते.

हे उत्तर तुमच्या मॅडमही वाचतील असे धरून पुढचे लिहिते, कारण तुमचे हात का थरथरत होते याचे उत्तर एकट्या तुमच्याकडे नाही. माझ्या पाळणाघरात एकदा तीन वर्षांच्या मुलीचे बोट दारात सापडले. माझ्या मदतनीस बाईंनी हळद लावली, चिंधी बांधली, आणि मुलीने रात्री आईकडे चिंधी सोडल्यावर नख काळेनिळे झालेले दिसले. मी दुसऱ्या दिवशी बाईंना जाब विचारला तेव्हा त्या खाली बघून एवढेच म्हणाल्या, ‘परवा एका बुटासाठी तुम्ही सगळ्यांसमोर मला किती बोललात.’ खरेच, एका मुलाचा बूट हरवला म्हणून चार पालकांच्या देखत मी त्यांना फैलावर घेतले होते. बुटासाठी एवढे ऐकून घ्यावे लागते तर बोटासाठी काय होईल, हा हिशेब त्यांनी केला आणि तो चुकीचा नव्हता. त्या दिवसापासून मी नियम केला की जी गोष्ट मला त्याच क्षणी कळवली जाईल तिच्यासाठी कोणाचा पगार कापला जाणार नाही आणि कोणाला चारचौघांत बोलणी बसणार नाहीत. लपवलेल्या गोष्टीसाठी मात्र काम जाईल. त्यानंतर वर्षभर माझ्याकडे येणाऱ्या बारीकसारीक अपघातांच्या बातम्या वाढल्या. अपघात वाढले नव्हते, ते मला कळू लागले होते.

बाळ सांभाळणाऱ्या बाईची खरी लायकी मी यावरूनच ठरवते. तिला गाणी किती येतात, मालिश कशी करते, हे नंतरचे. घरात कोणी नसताना जे घडले ते जसेच्या तसे सांगते का, हे पहिले. आणि ज्या घरात खरे सांगितल्यावर आधी अंगावर धावून जातात त्या घराने ही लायकी मागू नये. तुम्ही आता मॅडमकडे १० मिनिटे मागून घ्या. ‘फोन लगेच करायला हवा होता, पुढे करीन, पण कसा आणि कोणाला ते ठरवून द्या’ असे सरळ म्हणा. वहीच्या पहिल्या पानावर दोघींनी मिळून आईचा, वडिलांचा, शेजाऱ्यांचा आणि डॉक्टरांचा क्रमांक लिहा. त्यांचे मन लगेच मोकळे होईल असे नाही. दोन-तीन महिने वहीत खऱ्या नोंदी येत राहिल्या की होते.

प्रश्न : नातू ५ महिन्यांचा आहे. सून नोकरीला जाते आणि सांभाळायला एक बाई येतात. मी बाळाला मधाचे बोट आणि सहाणेवर उगाळलेली बाळगुटी द्यायला सांगितली, तर ‘वहिनींनी नको म्हटले आहे’ असे सांगून त्यांनी नकार दिला. घरात वडीलधाऱ्यांना असे उलट बोलणे शोभते का?
— एक आजी, डोंबिवली

उत्तर : आजी, तुमच्या मनाला लागले असेल हे मी समजू शकते, पण त्या बाईंनी योग्य केले. मधात एका जिवाणूचे बीज असू शकते. मोठ्यांना त्याचा त्रास होत नाही, पण वर्षाच्या आतल्या बाळाच्या आतड्यात ते वाढून अंग लुळे पाडणारे विष तयार करते. म्हणून पहिला वाढदिवस होईपर्यंत मधाचे बोटही नको. पहिले ६ महिने आईच्या दुधाशिवाय गुटी, साखरपाणी, अगदी साधे पाणीही देऊ नये, असेच बालरोगतज्ज्ञ सांगतात. काजळ घालत असाल तर तेही थांबवा. बाजारातल्या काही काजळांत शिसे आढळले आहे.

सांभाळणाऱ्या बाईंना दोन तोंडांनी दोन सूचना मिळाल्या की त्यांची फार ओढाताण होते. बाळाच्या खाण्यापिण्याचा आणि औषधाचा शब्द आईवडिलांचा, हे घरात एकदा ठरून जाऊ द्या आणि तुम्हाला काही पटत नसेल तर सुनेशीच बोला. बाईंनीही नकार देताना आवाज खाली ठेवावा, ‘आजी, मी वहिनींना विचारते’ एवढेच म्हणावे, आणि सासूचे सुनेला व सुनेचे सासूला पोहोचवू नये. तुमच्याकडची अंगाई, बडबडगीते, पाळण्याला झोका देण्याची ती विशिष्ट लय बाळाला द्यायला कोणाचीच हरकत नाही, आणि ती बाईंना शिकवलीत तर तुम्ही घरात नसतानाही बाळ शांत झोपेल.

प्रश्न : आम्ही दोघेही नोकरी करतो. घरात कॅमेरा बसवणे योग्य आहे का, आणि ताईंना सांगावे की न सांगता बसवावा? शिवाय त्या मुलीला जेवताना मोबाइल दाखवतात असा संशय आहे. मुलगी दीड वर्षाची आहे.
— एक वडील, ठाणे

उत्तर : कॅमेरा बसवावा, पण सांगून. हॉलमध्ये आणि मुलीच्या खेळण्याच्या जागी तो असू शकतो. न्हाणीघरात, आणि ताई जिथे कपडे बदलतात वा आडव्या होतात त्या खोलीत तो कधीही नसावा. बाईचे खासगी क्षण तिच्या संमतीवाचून टिपणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७७ खाली गुन्हा आहे, आणि २०१३ च्या लैंगिक छळविरोधी कायद्यात घरकाम करणाऱ्या स्त्रियांसाठी तुमचे घर हेच कामाचे ठिकाण मानले आहे. तिथे त्रास झाल्यास त्यांना जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे तक्रार करता येते. एक विनंती कायद्यापलीकडची आहे. कॅमेऱ्यातून दिवसभर पाहत बसू नका आणि कार्यालयातून ‘आत्ता तिला उचला, आता खाली ठेवा’ असे फोन करू नका. अशा घरात ताई मुलीकडे पाहण्याऐवजी कॅमेऱ्याकडे पाहू लागतात.

मोबाइलचा संशय असेल तर तो आजच विचारून संपवा. २ वर्षांखालील मुलांना, नातेवाइकांशी व्हिडिओ कॉल सोडला तर, पडदा दाखवूच नये, असे भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने सांगितले आहे. पण आधी एक प्रश्न स्वतःला विचारा : रविवारी तुम्ही तिला भरवता तेव्हा समोर काय असते? घरच्यांनी लावलेली सवय ताईंनी एकट्याने मोडावी अशी अपेक्षा मी अनेक घरांत पाहिली आहे. चारही जणांसाठी एकच नियम करा, पहिले आठ दिवस जेवण कमी जाईल हे गृहीत धरा आणि वाटी रिकामी झालीच पाहिजे हा आग्रह ताईंवर लादू नका, कारण त्या आग्रहापायीच फोन बाहेर निघतो. ताईंचा स्वतःचा फोन पर्समध्ये, पण आवाज चालू ठेवून असावा. मुलीचा फोटो त्यांनी स्टेटसला ठेवू नये आणि घरातल्या गोष्टी लिफ्टमध्ये वा बाकावर बोलू नयेत. त्यांच्या घरच्या अडचणी तुम्हीही सोसायटीत सांगत नाही ना, तेही पाहा.

प्रश्न : ज्यांच्याकडे मी तीन वर्षे आहे ते दरवर्षी दिवाळीत आणि मे महिन्यात गावाला जातात आणि तेवढ्या दिवसांचा पगार कापतात. साप्ताहिक सुट्टी नाही. आता जूनपासून त्यांची मुलगी शाळेत जाणार म्हणून मला एकदम ‘उद्यापासून नको’ म्हणतील अशी भीती वाटते. मागायचे कसे? आणि मुलीला काय सांगायचे?
— एक ताई, नाशिक

उत्तर : ताई, कुटुंब त्यांच्या सोयीने गावाला जाते तेव्हा तुम्ही कामाला तयारच असता, म्हणून त्या दिवसांचा पगार मिळावा हे मागणे रास्त आहे. आठवड्याची एक सुट्टी, वर्षाकाठी ठरलेल्या पगारी रजा, दिवाळीला एक पगार बोनस आणि काम थांबवताना दोन्ही बाजूंनी एक महिन्याची पूर्वसूचना, एवढे एका कागदावर लिहून घ्या. पुण्यात १९८० साली मोलकरणींनी संप केला, त्यातून पुणे शहर मोलकरीण संघटना उभी राहिली. सुट्टी आणि बोनस मागायला बायका तेव्हापासून शिकल्या आहेत, तुम्ही पहिल्या नाही. महाराष्ट्रात २००८ च्या कायद्याने घरेलू कामगार कल्याण मंडळाची तरतूद झाली आहे. १८ ते ६० वयाच्या घरेलू कामगारांना जिल्ह्याच्या कामगार कार्यालयात त्यासाठी नोंदणी करता येते. नोंदणीसाठी तुम्ही काम करता असा घरमालकांचा दाखला लागतो, तो त्यांच्याशी संबंध चांगले आहेत तोवरच घेऊन ठेवा. त्याच बैठकीत तीन वर्षांच्या कामाचे शिफारसपत्रही मागा. पुढच्या घरी त्याचा उपयोग होईल.

मुलीच्या बाबतीत माझे म्हणणे तुमच्या घरमालकांसाठीही आहे. तीन वर्षे रोज आठ-दहा तास जिच्या कडेवर मूल वाढले ती बाई एका रात्रीत नाहीशी झाली, तर मुलाला ती नोकरी संपली असे वाटत नाही; आपण काहीतरी केले म्हणून ती गेली असे वाटते. मुले मग रात्री उठतात, अंथरूण ओले करतात, दाराची बेल वाजली की धावतात. म्हणून निदान दोन आठवडे आधी आईने आणि तुम्ही मिळून तिला सांगावे की शाळा सुरू झाली की ताई दुसऱ्या बाळाकडे जाणार आहेत. ‘उद्या येते’ असे खोटे सांगून निघू नका आणि ती झोपली असताना गुपचूप निघू नका. ती रडेल आणि तुम्हालाही रडू येईल; तिच्यासमोर आले तरी काही बिघडत नाही. तुम्हा दोघींचा एक फोटो तिच्या कपाटावर लावून द्या आणि शाळा सुरू झाल्यावर पहिल्या महिन्यात एखाद्या रविवारी तासभर भेटून या. तो रविवार कोणता, हे निघण्याच्या दिवशीच तिच्यासमोर भिंतीवरच्या कॅलेंडरवर गोल करून ठेवा.